डाव्या खिळ्यावरची चेन

लिबार्दोला नदीवरचे लोक चिडवायचे, की बायको निवडायला घेतला नसेल एवढा वेळ हा चेन निवडायला घेतो. त्याची बायको सेनोबिया म्हणायची, "खोटं नाही ते. मला तर यानं चालत्या होडीतूनच पसंत केलं." तो नुसता हसायचा आणि कानस चालवत राहायचा.

त्याच्या मशीनच्या करवतीला चेनी दोन. झाड पाडायच्या चेनीचे दात तिरपे, आडवं लाकूड झपकन तोडणारे. ओंडक्याच्या फळ्या काढायच्या चेनीचे दात त्यानं घासून घासून जवळजवळ सरळ केलेले. ती सावकाश चालते, पण फळी निघते ती हात फिरवत बसावं अशी. तिरपी चेन डाव्या खिळ्यावर, सरळ उजव्या. तीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. सेनोबियानं जळक्या तेलात बुडवलेली दोरी ओंडक्यावर ताणून धरायची, यानं ती टिचकावून काळी रेघ उमटवायची, आणि मग करवत त्या रेघेवरून जायची. काठावरच्या निम्म्या घरांच्या तळफळ्या, होड्या, पाळणे त्याच्याच हातचे. आणि हो, पेट्यासुद्धा. माणसं जन्मतात तशी जातातही.

त्या वर्षी शाळेच्या तळाला फळ्या हव्या होत्या, शाळा उघडायच्या आत. एक चेन बोथट झाली की लगेच दुसरी लावता यावी म्हणून लिबार्दोनं तिरपी चेनही घासून सरळ केली, आणि हाताच्या सवयीनं परत डाव्याच खिळ्याला अडकवली.

मंगळवारी तो फळ्या पोचवायला होडीनं खालच्या गावी गेला. मागे त्याचा थोरला यायर, सव्वीस वर्षांचा, शेजारच्या प्लिनिओला घेऊन ओढ्यावरचं कललेलं चानुलचं झाड पाडायला निघाला. डाव्या खिळ्यावरची चेन त्यानं काढली आणि चढवली. दात बघितले नाहीत. बापाच्या खिळ्यावर कोण शंका घेतं?

कललेलं झाड मागून झटक्यात कापावं लागतं. रेंगाळलात तर ते आपल्याच भारानं उभं फाटतं. चानुल तसाच फाटला आणि फाटलेलं खोड मागे उसळून यायरच्या छातीवर आलं.

लिबार्दो संध्याकाळी परतला तेव्हा पोरगं ओसरीत चादरीखाली होतं. प्लिनिओ सांगत होता, "चेन बोथट झालीय म्हणाला, काका. मी म्हटलं, थांब, घासून घेऊ. तर म्हणाला, होईल, आणि दाबत राहिला."

लिबार्दो उठून करवतीपाशी गेला. चेनीवरून त्यानं अंगठा फिरवला. चेन बोथट नव्हती. तो परत येऊन पोराच्या पायाशी बसला. लोक म्हणत होते, झाडच खुनशी होतं, आणि सेनोबियाही तेच म्हणत होती.

पेटीच्या लाकडाला घरच्यांनी करवत लावायची नाही, ही नदीची रीत. सकाळी प्लिनिओनं सेद्रोचा ओंडका घेतला, पण त्याच्याकडे चेन एकच, तिरपी. फळी वाकडी निघाली, अंगभर कुसळं उठलेली. ऊन चढत होतं. दुपारपलीकडे मयत ठेवणं शक्य नव्हतं.

"चालेल रे," कुणी म्हातारा म्हणाला. "मातीतच तर जायचीय."

"माझा पोरगा कुसळांवर नाही निजणार," लिबार्दो म्हणाला.

उजव्या खिळ्यावरची चेन शाळेच्या कामानं पार झिजलेली होती. त्यानं यायरनं चढवलेली चेन करवतीवरून काढली, नदीवर धुतली, एकेक दाताला कानस लावली आणि प्लिनिओपुढे धरली.

"काका, ही तर..."

"लाव."

फळ्या भराभर निघाल्या नाहीत, पण निघाल्या त्या नितळ. पेटी झाली. सेनोबिया आत चादर अंथरायला आली, तळावरून तिनं हात फिरवला आणि थांबली. इतकी वर्षं दोरी धरलेली बाई ती.

"कोणत्या चेनीनं कापल्या?"

"यायरनं चढवली होती, त्या."

"ती तर पाडायची."

"नाही," लिबार्दो म्हणाला. "मी सरळ केली होती ती. शाळेसाठी. आणि टांगली डावीकडे. त्याला सांगायचं राहिलं."

सेनोबियानं चादरीची चुणी सरळ केली. मग दुसरी केली. बायकांनी मयताचं गाणं धरलं होतं, त्यातल्या दोघी गप्प झाल्या.

"कालपासून माहीत होतं तुला?"

"अंगठा लावला तेव्हापासून."

"आणि मी रात्रभर त्या झाडाला शिव्या घालत बसले."

चौघांनी यायरला आणून पेटीत ठेवलं. प्लिनिओनं झाकण उचललं, तेव्हा सेनोबियानं हात आडवा केला.

"आधी याला बोलू दे," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता, "मला सांगून काय उपयोग. ज्याला सांगायचं राहिलं, त्याला सांग."

लिबार्दो पेटीवर वाकला. बायकांनी आपणहून आवाज चढवला, त्यामुळे तो काय बोलला ते कुणाच्या कानावर आलं नाही. बराच वेळ बोलत होता. प्लिनिओ झाकण छातीशी धरून उन्हात उभा राहिला.