बुवांच्या सहीची मागची बाजू

आमच्या माजलगावात गवई आला, की मैफल संपल्यावर आम्ही खरे रसिक सेल्फी घेत नाही. तसली हलकी कामं बाकीच्या महाराष्ट्राला. आम्ही कागद पुढं करतो. गवई त्यावर स्वतःच्या हातानं दोन ओळी सरगम लिहून खाली सही ठोकतो, आणि बदल्यात रसिकानंही आपल्या हातचं काहीतरी लिहून द्यायचं. कोणी कविता देतं, कोणी नुसतीच स्तुती. असेच एकदा एक नावाजलेले बुवा गायला आले, तेव्हा मी त्यांना अख्खी बंदिश दिली.

माझं खत-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसताना पेटी पुढ्यात घेऊन मी भीमपलासात ही चीज बांधली होती. ती ऐकून समोरच्या लिंबावरचे कावळे तालुका सोडून गेले, इतकी आर्त. कोपऱ्यात कापसाचं बोंड छापलेल्या दुकानातल्या पॅडवर मी ती उतरवली. बुवांनी कागद कपाळाला लावला.

"हा माझ्या तंबोऱ्याच्या गवसणीत राहील," म्हणाले. "पुढं कधीतरी गाऊ."

झालं. तेव्हापासून वर्षभर मी गिऱ्हाइकांना युरिया कमी आणि भीमपलास जास्त दिला. बुवांचे व्हिडिओ रोज बघायचो. माझी बंदिश काही येईना. मोठी चीज पचायला मोठ्या गवयालाही वेळ लागतो, अशी मी त्यांची बाजू घेत राहिलो.

मग मी आणि बायको गेवराईला मेहुण्याकडं गेलो. मेहुण्याचा संगीताशी संबंध वरातीतल्या डीजेपुरता. तरी गावातल्या मैफलीत बुवांनी त्यालाही सरगम लिहून दिलेली. लॅमिनेट केलेला तो कागद त्यानं चहाच्या आधी माझ्या हातात ठेवला.

"बगा दाजी, खास माज्यासाटी. कुणाकडंच कागद नव्हता, तर बुवांनी तंबोऱ्याच्या गवसणीतून काढला."

मी कागद उलटला. कोपऱ्यात कापसाचं बोंड.

"मागलं सोडा हो," मेहुणा म्हणाला. "कुण्या येड्यानं कायबाय खरडलंय."

बायकोनं अक्षर ओळखलं. तिला अचानक ठसका लागला.

"माझ्याकडं पण बुवांच्या हातचा कागद आहे," मी म्हणालो. "मागून एकदम कोरा. करता का अदलाबदल?"

"लई उपकार होतील, दाजी."

आता तो कागद माझ्या दुकानात टांगलाय. बंदिश पुढं, बुवा भिंतीकडं. कोणी विचारलं की सांगतो, ही चीज बुवांनी वर्षभर तंबोऱ्याशेजारी जपली होती. खोटं वाटत असेल तर मागं त्यांची सही आहे.