राक्षसाचा चेहरा, तीन मोजेपर्यंत

शूटिंगकाकांच्या हाताला कंप सुटलाय, अशी आवई उठली आणि चार घरी चहाबरोबर चघळूनही झाली. तसं काही नव्हतं. तीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलेला तो हात दगडासारखा स्थिर. काका तो मुद्दाम हलवत होते, कारण ते राक्षसाचा सिनेमा काढत होते: कुणाचातरी कॅमेरा तळघरात सापडतो आणि त्यात टिपलेलं असतं तेवढंच पडद्यावर दिसतं, अशातला.

या प्रकारात एक सोय असते. कॅमेरा हलला की राक्षस धड दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याला माणूस जास्त घाबरतो. काकांचा राक्षस म्हणजे त्यांचा मेहुणा, वर ताडपत्री आणि फोम. तो न दिसण्यातच सगळ्यांचं भलं होतं.

दुपारी थिएटरात बारा जणांपुढे चाचणीचा खेळ लागला. निम्मे उठून गेले तर रविवारचा खेळ विसरा, असं मालकाने बजावलेलं. काका मागे प्रोजेक्टरपाशी उभे. हलत्या चित्राने मळमळतं, हे या प्रकाराचं जुनं दुखणं. दहा मिनिटांत चौघे डोकं धरून बाहेर.

"बोटीत बसवलंय का हो आम्हाला?" मालक कुजबुजला.

आणखी दोन गेले की संपलं.

मग तळघर आलं. अंधार, पाण्याची टपटप, कुणाचातरी श्वास. खुर्च्यांची कुरकुर थांबली. काकांना मात्र पुढे काय येतंय ते ठाऊक होतं. चेहरा समोर आला की कॅमेरा स्थिर धरून मनात तीन मोजायचे, ही लग्नातली सवय. राक्षस समोर येताच हाताने तेच केलं होतं, आणि मानेवरची पोशाखाची चेन लख्ख दिसत होती. "कापा तेवढं," बायको म्हणाली होती. पण मेहुणा चार तास गोंद फासून बसलेला. काकांना भीड पडली.

श्वास जवळ आला. काकांनी प्रोजेक्टरच्या भिंगापुढे तळवा धरला. एक. दोन. तीन. पडदा काळाठिक्कर, नुसती गुरगुर. पुढच्या रांगेतल्या बाईंनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाचा दंड घट्ट पकडला. शेवटपर्यंत कुणी उठलं नाही.

दिवे लागले. "भावोजी, माझा चेहरा कुठे गेला?" मेहुणा फुरंगटला.

मालक म्हणाला, "रविवार तुमचा. पण राक्षस मागे लागलाय, तर तो माणूस कॅमेरा टाकून पळत का नाही? कोण विश्वास ठेवेल?"

काका म्हणाले, "एका लग्नात हॉलला आग लागली होती. नवरा पळाला. मी शूटिंग पूर्ण केलं."