पुढची ओळ सांगणारे शिमोनमामा

शिमोनमामांशी बोलताना आपलं वाक्य आपल्याला कधी पुरं करता यायचं नाही. आपण "काल जरा" म्हणून श्वास घ्यावा, तेवढ्यात त्यांच्या ओठांतून हळूच यायचं, "अंगात कणकण हुती." बहुतेकदा ते बरोबर असायचं. नसलं तरी समोरचा माणूस भिडेखातर तेच म्हणून मोकळा व्हायचा.

माझी त्यांची पहिली भेटही तशीच. प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्याच्या फाटकावर मी नोकरीसाठी उभा होतो. वेंगुर्ल्याकडून एस.टी. बदलत बदलत आलेला, अंग आंबलेलं. टाइमकीपरनं शिक्षण विचारलं आणि मी पायांकडं बघू लागलो. शाळा सहावीतच सुटलेली. इथून परत पाठवलं तर घरी दाखवायला तोंड नव्हतं. मागून कुजबुज आली, "सहीपुरतं हाय म्हन." मी तेच म्हणालो. टाइमकीपर हसला आणि त्यानं मला आत घेतलं. वळून पाहिलं तर वजनकाट्यावरचे एक उंच, वाकलेले गृहस्थ विडी विझवत होते.

बॉयलर हाऊसमध्ये मदतनिसाला खलाशी म्हणतात. "खलाशी म्हणून लागलो" असा निरोप घरी गेला तेव्हा आई म्हणाली म्हणे, "मगे दर्याक नारळ देवक व्हयो." हे मी मामांना सांगितलं ती माझीच चूक. त्यानंतर दिसलो की ते विचारायचे, "काय खलाशी, गलबत कुठवर आलं?"

गाळपाच्या सीझनभर मामा वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं ओरडून सांगायचे. रविवारी ख्रिस्ती देवळात ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी गीताची ओळ आधी म्हणायचे, मग सगळे गायचे. आणि गणपतीत कारखान्याच्या वसाहतीत नाटक व्हायचं, त्याचे प्रॉम्प्टर तेच. "आपलं काम काय? दुसऱ्याच्या तोंडात शबूद घालायचा आन आपलं तोंड पुसायचं," असं म्हणत ते विंगेत उभे राहायचे.

त्यांच्या शेजारच्या खोलीत धोंडीबा राहायचा. चुन्याच्या टाकीवर काम करताना डोळ्यांत चुना उडाला आणि दोन्ही डोळे गेले. नाटकाचा त्याला भारी नाद. पण बसल्या जागी तो "आता काय चाललंय?" असं विचारायचा आणि आजूबाजूचे "शूः" करायचे. म्हणून एका वर्षी मामांनी त्याला विंगेत आपल्याजवळ खोक्यावर बसवलं. एक ओळ नटाला, एक धोंडीबाला.

पण प्रॉम्प्टरची जीभ नटाच्या पुढं चालते. नाटकातल्या मुनीमजींनी पेटीला हातही लावला नव्हता आणि मामा धोंडीबाच्या कानात म्हणाले, "पेटीत साप." धोंडीबा ओरडला, "आरं तिच्या! हात नको घालू!" मुनीमजींनी दचकून हात मागं घेतला. साप काही पेटीतून निघालाच नाही, आणि वसाहत पुढं दिवाळीपर्यंत हसत राहिली. नाटक बसवणारे दातारसाहेब कारखान्याचे केमिस्ट. ते तेवढे हसले नाहीत. "यापुढे विंगेत बाहेरचा माणूस नको," म्हणाले.

पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. ऊस उभ्या उभ्या वाळला. सीझन होणार की नाही, कामावर ठेवतील की नाही, याच विचारात माणसं तालमीला यायची. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर पोट भरल्यासारखं वाटायचं, भरायचं नाही. जांभया देत देत संवाद म्हटले जायचे. मला तर रोज वाटायचं, उद्या फाटकावरूनच घरी जा म्हणतील.

त्या नाटकात धोंडीबाची मुलगी सुमन होती. आठवीतली, चलाख. दातारसाहेब म्हणाले, "मुलगी चुणचुणीत आहे, पण तोंड उघडलं की हाय आणि न्हाई. हिला मुकी करा." तशी ती लढाईवर गेलेल्या शिपायाची मुकी बहीण झाली. शेवटी भाऊ येणार नसल्याचं कळतं, तेव्हा ती रिकाम्या अंगणात फुगडीसाठी हात पुढं करते आणि पाठ फिरवून आत जाते, एवढंच तिचं मोठं काम.

धोंडीबा संध्याकाळी मामांच्या उंबऱ्यावर येऊन बसला. "मामा, पोरीचं पयलं नाटक. आन ती बोलनारच न्हाई. ती तिथं हाय का न्हाई, मला कसं कळायचं?"

मी तिथंच होतो. मामांना पुढची ओळ सुचली नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते दातारसाहेबांपुढं उभे राहिले. "औंदा मी खाली बसनार, धोंडीबापाशी. पुस्तक हा खलाशी धरंल."

"हा? आणि नाटक पडलं तर?"

"पाऊस पडंना साहेब, नाटक तरी पडू द्या."

साहेबांना हसू आलं, तिथंच ते हरले. मला मात्र रात्री झोप लागेना. वाचून सांगण्याइतका वेग माझ्या नजरेला नव्हता, म्हणून मी आख्खं नाटक पाठ केलं. बंद बॉयलर घासताना शिपायाच्या आईचे हुंदकेसुद्धा म्हणायचो. मामा म्हणाले, "तू घाबरट हायस, ही चांगली गोष्ट हाय. निर्धास्त मानूस वेळंवर बोलत न्हाई."

त्यांचं स्वतःचं जमत नव्हतं. रस्त्याच्या मोरीवर धोंडीबाला घेऊन बसायचे आणि समोर दिसेल ते सांगायचा सराव करायचे. "टँकरपाशी म्हातारीनं घागर उचलली."

"न्हाई उचलली," धोंडीबा म्हणायचा. "उचलली असती तर कन्हली असती."

तेवढ्यात म्हातारी कण्हायची. मामा कपाळावर हात मारून घ्यायचे. "सारी हयात लोकांच्या म्होरं बोलन्यात गेली. आता मागं कसं ऱ्हाऊ रं?"

विजेचा भरवसा नव्हता, म्हणून त्या साली नाटक दुपारीच लावलं. मामा आणि धोंडीबा सर्वांत पुढं, पोरांच्या सतरंजीवर. मी विंगेत. दोनदा नट अडले, दोनदा मी सांगितलं, नाटक पडलं नाही. मामा पहिले दोन अंक जपून बोलत होते. थकल्यावर मात्र माणूस जुन्या सवयीवर जातो.

शेवटी सुमन रंगमंचाच्या कडेला आली. तिनं रिकाम्या अंगणापुढं हात केले. सगळं चिडीचूप. आणि मामा बोलून गेले, "वळली. आत चालली."

धोंडीबानं सुस्कारा सोडला आणि टाळ्यांसाठी हात उचलले. पण ती वळलीच नव्हती. तिनं बापाचे ते उचललेले हात पाहिले. आणि ती टाचा आपटायला लागली. फळ्यांवर दण दण, एकटीची फुगडी, समोर कुणी नसताना.

दातारसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "हे पुस्तकात कुठे आहे?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो. माझ्याही तोंडात इथलीच भाषा आली होती.

खाली मामा घाईनं काही सांगू लागले. धोंडीबानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गप मामा. ऐकू येतंय."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा दूर दुसऱ्या कारखान्यावर होतो, कळलं तेव्हा मातीसुद्धा होऊन गेली होती. मला पोटाला लावणारा माणूस, आणि मी त्याला खांदा दिला नाही. त्यांची आठवण आली की त्या दिवशीची परतीची वाट दिसते.

दिवस मावळतीला आला होता. मामा, धोंडीबा, सुमन आणि मी, चौघं चालत होतो. मामा मान खाली घालून म्हणाले, "चुकलो, धोंडीबा."

धोंडीबानं काठीनं पुढची वाट चाचपली. मग म्हणाला, "सुमे, नाचलीस ते कळलं. पर त्याच्या आधी सारं गप झालं हुतं. तवा काय केलंस?"

"हात केले म्होरं."

"कसं?"

सुमन थांबली. "दावते. मामा, तुमी सांगा त्यांना. पर आधी न्हाई हां."

मामांनी मान हलवली आणि ओठ घट्ट मिटले. सुमन बापासमोर धुळीत उभी राहिली. तिनं सावकाश हात उचलायला सुरुवात केली. मामांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शब्द अगदी दाताशी आलेला मला दिसत होता, आणि हा माणूस तो धरून होता. तिचे दोन्ही हात पुरते लांबले, स्थिर झाले, तेव्हा ते म्हणाले, "केले. आत्ता केले."

"कुनाम्होरं?"

"तुज्याच."

धोंडीबानं काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात पुढं केले.