रविवारच्या पाहुण्या

‘अभ्यास हाच ज्यांचा श्वास होता, त्या ज्ञानतपस्विनीस भावपूर्ण श्रद्धांजली.’ माणिकपूरच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर, हा फ्लेक्स अजून लटकतो आहे. लुसी टीचर जाऊन महिना उलटला, पण फ्लेक्स उतरवायची जबाबदारी कुणाचीच नसते. तो लावला आहे एका कोचिंग क्लासने. टीचरच्या फोटोखाली क्लासचा नवा पत्ता आहे आणि दहावीचे प्रवेश सुरू असल्याची सूचनाही. मी टीचरबरोबर एकाच शिक्षकखोलीत वीसेक वर्षं बसलो. त्या गणित शिकवत, मी मराठी. माझ्या आठवणीप्रमाणे शेवटची काही वर्षं त्यांनी मुलांचा अभ्यास कमी करण्यात घालवली, आणि त्या क्लासचं नाव निघालं की त्या चहाचा कप जरा जोरात ठेवत.

बातमी आली ती शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिच्या वरचा संदेश दहावीच्या जादा तासांच्या वेळापत्रकाचा होता. एका सहकाऱ्याने वेळापत्रकाला द्यायचा अंगठा बातमीला दिला आणि दिवसभर तो तसाच राहिला. टीचर आजारी आहेत हे आम्हाला माहीत होतं, इतक्या आजारी आहेत हे माहीत नव्हतं... त्यांनी सांगितलं नव्हतं. रजेच्या अर्जात त्यांनी ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. चूक नव्हतं ते.

आमची शाळा मराठी माध्यमाची. चहूबाजूंनी इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या तशी ती निकालाच्या जोरावर तग धरू लागली. दहावीची एक ‘गुणवत्ता तुकडी’ झाली, तिच्या वर्गशिक्षिका लुसी टीचर. या तुकडीला प्रत्येक विषयाचा शिक्षक असा गृहपाठ देई, जणू मुलांना दुसरा विषयच नाही. मीही देत होतो. शाळा सुटली की ही मुलं क्लासला जात, क्लासचा वेगळा गृहपाठ घेऊन घरी येत, आणि सकाळी परत प्रार्थनेला रांगेत उभी राहत. उभी राहत म्हणजे पाय जमिनीवर असत, एवढंच.

एका सकाळी प्रतिज्ञा सांगायची पाळी त्या तुकडीतल्या सायलीची होती. हुशार, बारीक, कधी उलट न बोलणारी मुलगी. पहिलं वाक्य नीट झालं. दुसऱ्या वाक्याच्या जागी ती त्याच सुरात म्हणाली, “काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग...” आणि अख्ख्या शाळेने हात पुढे धरून म्हटलं, काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग. तिने प्रमेय पूर्ण केलं. शाळेनेही केलं. मग मात्र कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सायली जागी झाली. होय, जागी. डोळे उघडे ठेवून ती झोपली होती.

शिक्षकखोलीत दिवसभर हसू पुरलं. पीटीच्या सरांनी तर मुलं एका सुरात म्हणाली याचं कौतुक केलं. मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी सायलीला सामान्य तुकडीत पाठवायचं ठरवलं. वडिलांना बोलावलं, ते मुंबईच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आले आणि केबिनच्या दारात मुलीला इतकंच म्हणाले, “बघ, काय करून ठेवलंस.” टीचरनी मध्ये पडून महिनाभराची मुदत मागून घेतली. मग जिन्याखाली त्यांनी सायलीला विचारलं, झोपतेस कधी? ती म्हणाली, “झोपते ना टीचर. रिक्षात.”

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात टीचरनी एक चौकोन आखला. ज्याला गृहपाठ द्यायचा त्याने विषय लिहायचा, पुढे किती मिनिटं लागतील ते लिहायचं. सगळ्यांची बेरीज दीड तास झाली की चौकोन बंद. कल्पना साधी होती आणि आमच्यासारख्या सुशिक्षितांनी तिचं जे करायचं तेच केलं. जागा अडवायला शिक्षक लवकर येऊ लागले. विज्ञानाच्या बाई प्रार्थनेआधीच चाळीस मिनिटं लिहून मोकळ्या होत. इतिहासाच्या सरांनी तासाभराचं काम ‘दहा मिनिटे’ म्हणून खपवून पाहिलं. टीचरनी त्यांना, तुम्ही स्वतः दहा मिनिटांत करून दाखवता का, असं विचारलं. गणिताला बरेचदा काहीच उरत नसे. “माझं वर्गात होतं,” असं म्हणून त्या खडू झटकत.

एकदा चौकोन भरलेला असताना मुख्याध्यापक स्वतः वर्गात आले आणि त्यांनी खाली लिहिलं, ‘सराव चाचणी, एक तास.’ मी पुढच्या तासासाठी दाराशी उभा होतो. टीचर उठल्या, डस्टर घेतलं आणि ती ओळ पुसली. 

“सर, जागा नाही,” त्या म्हणाल्या. भरलेली रिक्षा चौथ्या माणसाला नाही म्हणते तशा.

“टीचर, फळा शाळेचा आहे.”

“हो सर. पण करायचं घरी आहे.”

मुख्याध्यापकांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. ते हळू आवाजात म्हणाले की निकाल लागू द्या, एक टक्का जरी घसरला तरी पुढच्या वर्षी तुम्हाला पाचवी. टीचरनी मान डोलावली. ज्यांची हयात दहावीत गेली त्यांना पाचवी म्हणजे काय, हे त्या खोलीत मला आणि त्यांनाच कळत होतं. सायली वहीकडे बघत होती. हे आपल्यामुळे चाललंय, एवढं तिला नक्कीच कळत होतं.

आणि हे सगळं वाया गेलं. गृहपाठ कमी झाला तसे पालक घाबरले. सायलीच्या वडिलांनी रिकाम्या झालेल्या वेळात आणखी एक क्लास लावला. हे कळलं तेव्हा टीचरनी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि मला विचारलं, “सर, रविवारी दुपारी काय करता?”

रविवारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून सायलीच्या घरी गेलो. टीचर जवळच्याच गिरीज गावच्या. घरच्या वाडीतली केळ्यांची फणी आणि एक दुधी पिशवीत होता, तो माझ्या मांडीवर. अभ्यासाचा विषय त्यांनी काढलाच नाही. फ्लॅटचा मेंटेनन्स, पाण्याचा टँकर, दुधीची भाजी कशी करतात... सायली “या” म्हणून सोफ्याच्या टोकाला बसली आणि काही वेळात तिथेच कलंडली. वडील तिला हाक मारणार तोच टीचर म्हणाल्या, वहिनी, चहा छान झालाय, अजून मिळेल का? घरी पाहुणा बसलेला असताना, तोही मुलीची वर्गशिक्षिका, मुलीला हलवून अभ्यासाला कोण बसवणार? आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. पुढच्या रविवारी परत गेलो. त्याच्या पुढच्याही. मुदत संपता संपता सायलीने पुन्हा प्रतिज्ञा सांगितली, सगळी, आणि तुकडी बदलायचा विषय मागे पडला. आमचं जाणं थांबलं नाही. माझं काम दुधी धरणं आणि चहा पिणं. घरच्यांना आमचा हेतू पहिल्याच दिवशी कळला असावा, पण पाहुण्याला जा म्हणायची रीत आपल्याकडे नाही, आणि टीचरचा सगळा डाव त्यावर होता.

पूर्वपरीक्षेच्या आधीच्या रविवारी वडिलांचा धीर सुटला. “टीचर, स्पष्ट बोलतो. परीक्षा तोंडावर आलीय. तिला उठवू दे मला.”

“उठवा की. मी काय तिला धरून ठेवलीय?” टीचर म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

ते उठले. सोफ्यापाशी गेले. त्यांचा हात मुलीच्या खांद्यावर येऊन थांबला. आई स्वयंपाकघराच्या दारात, मी कप हातात धरून... पंखा तेवढा फिरत होता. मुलीचं तोंड जरासं उघडं होतं, लहान मुलांचं असतं तसं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग हात काढून घेतला, खुर्चीत येऊन बसले, आणि म्हणाले की त्यांनाही रोज अंधारात उठावं लागतं. टीचर म्हणाल्या, “मग टेका जरा. आम्ही आहोत.” थोड्या वेळाने तेही घोरू लागले. दोन झोपलेल्या माणसांच्या मध्ये आम्ही दोघं आणि त्या वहिनी, खालच्या आवाजात दुधीचे भाव बोलत बसलो. टीचर इतक्या समाधानी मला शाळेत कधी दिसल्या नाहीत.

निकालाच्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. निकाल आदल्या वर्षी होता तितकाच लागला. मुख्याध्यापक म्हणाले, सराव चाचण्यांमुळे घसरला नाही. टीचर म्हणाल्या, चौकोनामुळे घसरला नाही. दोघांनीही पेढे खाल्ले. दहावी टीचरकडेच राहिली. सायलीला चांगले गुण मिळाले, नाक्यावरच्या फ्लेक्सवर येण्याइतके नाहीत. फ्लेक्सवर नसलेल्या मुलांचंही पुढे काहीतरी होतं. ती आता नर्सिंग शिकते. गिरीजच्या चर्चमध्ये टीचरच्या मिस्साला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, ती आली होती, वडिलांबरोबर. दोघंही मागच्या बाकावर.

शाळेत शोकसभा झाली. टीचरच्या स्मरणार्थ वर्गात कायमस्वरूपी ‘गृहपाठ स्मृतिफलक’ बसवण्यात आला. त्याचं उद्घाटन नारळ फोडून झालं. फलक चांगला मोठा आहे, त्यावर दीड तासाची अट मात्र लिहायची राहिली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

मागच्या आठवड्यात सायलीच्या वडिलांचा फोन आला. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, “सर, धाकटी दहावीत आलीय. मला राहवत नाही हो, सारखा तिच्या मागे लागतो. तुम्ही रविवारी येऊन बसाल का? टीचर बसायच्या तसे.”

मी गेलो. केळी बाजारातून घेतली. त्याच खुर्चीत बसलो, चहा झाला, पाण्याच्या टँकरचा विषय झाला. पुढचं मला आठवत नाही. संध्याकाळी जाग आली तेव्हा अंगावर चादर होती, आणि धाकटी आतल्या खोलीत दुपारपासून अभ्यास करत होती.