अल्याडची बाग, पल्याडचा हुकूमनामा

टोक्याच्या घाटावर कोर्टात हरणं कुणी फारसं मनावर घेत नसे. गोदावरीच्या अल्याड इंग्रजांचा अंमल, पल्याड निजामाचा. नेवाशाला हरलेला माणूस नावेत बसून पलीकडे जाई आणि तोच दावा गंगापूरच्या कोर्टात नव्याने लावी. तिकडचे हरलेले इकडे येत. ज्याचा निकाल नंतरचा तो खरा, असा घाटावरचा समज. कुठल्याही सरकारने असं कधी म्हटलेलं नव्हतं, पण विचारतो कोण?

मेहताबला हा समज १९४६ साली भोवला. नवऱ्यामागे पेरूची बाग आणि विहीर तिच्या ताब्यात होती. पलीकडे कायगावला राहणाऱ्या तिच्या दिराने, सत्तारने, बागेवर हक्क सांगितला. नेवाशात तो हरला आणि रिवाजाप्रमाणे गंगापूरला गेला. तिकडचं समन्स आलं तेव्हा मेहताब गेलीच नाही. एकदा जिंकलेलं पुन्हा कशाला जिंकायचं, असं तिचं म्हणणं.

सत्तार एकतर्फी निकालाचा उर्दू हुकूमनामा घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"भाबी, ह्यो नवा हाय. निम्मी बाग लिहून द्या, मी बाकीचं सोडतो."

"निम्मी दे आन् मोकळी हो," तिचा चुलता बाबाजानही म्हणाला. नावाडीच तो, दोन्ही काठांचे दावे त्याच्याच नावेतून जात.

मेहताबने दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली आणि नेवाशाला शामकांत वकिलांकडे गेली. तिचा दावा त्यांनीच जिंकला होता. माणूस हुशार, पण एक खोड वाईट. नगरच्या कुणा पाद्र्याकडून आणलेली अमेरिकेच्या कोर्टांवरची पुस्तकं वाचल्यापासून विहिरीचं भांडणही ते अमेरिकेला वळसा घालून सोडवत.

"तिकडे अठ्ठेचाळीस राज्यं," ते म्हणाले. "प्रत्येकाची कोर्टं स्वतःची. जमीन, लग्न, वारसा, खून, बहुतेक सगळं तिथेच मिटतं. आणि त्याच मुलखात मध्यवर्ती सरकारची निराळी कोर्टं. त्यांना फेडरल म्हणतात."

"एका गावावर दोन कोर्टं? मंग तितंबी हरलेला दुसरीकडं पळत असंल."

"नाही पळता येत. एकाचा निकाल दुसऱ्याला मानावा लागतो. कुठला खटला कुठे चालायचा हेही ठरलेलं. देशाच्या कायद्याचा किंवा राज्यघटनेचा प्रश्न असला, नाहीतर दोन राज्यांतल्या माणसांचा मोठ्या रकमेचा वाद असला, तर फेडरल कोर्ट."

मेहताब सरसावून बसली. "मी अल्याडची, सत्तार पल्याडचा. मंग माजं तितंच जातंय की. दिल्लीलाबी हाय म्हनं तसलं कोर्ट."

"आहे, पण निजामाच्या मुलखातला असला निकाल त्याच्यापुढे जात नाही. दोन्ही काठांच्या वर बसेल असं कोर्ट आपल्याकडे नाहीच."

"मंग ही अमेरिका मला कशापायी ऐकवली?"

वकिलांनी चष्मा पुसला. "एवढ्याचसाठी, मेहताबबाई. जमीन ज्या राज्यात, तिची मालकी तिथलंच कोर्ट ठरवतं. तिथेही आणि इथेही. गंगापूरच्या कागदाने तुमच्या बागेतला एक पेरू हलायचा नाही."

"हे आधी सांगायचं."

"पुढचंही ऐका. निम्म्या पिकाची किंमत दरसाल गंगापूरच्या कोर्टाने तुमच्यावर बसवली आहे. इथे ती कुणी वसूल करणार नाही. पण तुमची गाडी, बैल, दागिना पलीकडे सापडला, की जप्ती."

मेहताबला पलीकडे जावंच लागे. तिची एकुलती लेक हसीना कायगावातच दिलेली. दुसऱ्यांदा दिवस गेलेले, आणि या खेपेला बाळंतपण सासरी व्हायचं होतं. पेरूचा निम्मा मालही कायगावच्या बाजारात खपे.

परतीच्या वाटेवर तिने विचार संपवला. पेरू नेवाशाला विकता येतील. भाव कमी मिळेल, मिळू दे. निम्मी बाग मात्र एकदा गेली की दोन्ही काठांवर गेलीच.

हसीना बाळंत झाल्याचा निरोप आला तेव्हा मेहताबने हातातले चांदीचे गोट उतरवून शेजारच्या रंगुबाईकडे ठेवले. बैल घरीच. डिंकाचे लाडू आणि जुन्या लुगड्यांची दुपटी घेऊन ती नावेत बसली.

"मेहताब, हट्ट केलास," बाबाजान म्हणाला.

"चाचा, वल्हं मारा."

पलीकडच्या काठावर सत्तार कोर्टाच्या चपराशाला घेऊन उभा होता. चपराशाने बोचकं सोडलं, लाडू बघितले, दुपटी बघितली आणि पुन्हा बांधून दिलं.

"सत्तारमियाँ, ह्याच्यावर काय जप्ती आणू? लोक हसतील मला."

सत्तार ओशाळला, पण तोंड बंद ठेवेल तर सत्तार कसला. "भाबी, हितून म्होरं नातवाकडं अशाच पायी येनार का?"

"व्हय," मेहताब बोचकं काखेत मारत म्हणाली. "बैल तिकडं बागंला पानी काढत्यात."

आणि ती हसीनाच्या घराकडे चालू लागली.