कागदावर काम्पुटर चालवणारा माझा साडू

कागदावर चित्र काढल्याशिवाय माझ्या साडूनं आयुष्यात एक पाऊल उचललं असेल, तर मी मिशी उतरवायला तयार आहे. पोरीच्या लग्नात पंगत कशी बसेल, वाढपी कुठून शिरेल, याचेही त्यानं अकरा कागद काढले होते आणि दहाव्यावर रुसलेला व्याही दाखवला होता. व्याही खरंच रुसला. त्यावर साडूचा चेहरा असा खुलला, की बायकोनं त्याला चारचौघांत झापलं.

ऐंशीची सालं सरत आली होती. आमच्या लाखनीच्या राईस मिलमध्ये काम्पुटर यायचं ठरलं आणि त्याचा प्रोग्राम लिहायचं काम नागपूरहून शिकून आलेल्या साडूकडं आलं. मी मिलच्या वजनकाट्यावर; शाळा चौथीपर्यंत, पण नजरेनं पोतं तोलणारा. मालक म्हणाले, "ज्याले मशीन चालवता येईन तोच काट्यावर बसंन. नाहीतर पोते उचलाले जा." अठरा वर्षांची खुर्ची जायची वेळ आली.

मशीन यायच्या आधीच साडूनं माझ्या ओसरीत दोरी बांधून वीस कागद लटकवले. एकेका कागदावर काम्पुटरचा एकेक पडदा: काय दिसेल, कोणतं बटण दाबलं की पुढं काय येईल. त्याला तो स्टोरीबोर्ड म्हणायचा. मी कागदी बटणावर बोट ठेवायचं, की तो तोंडानं "टूंऽक" करून पुढचा कागद समोर धरायचा. चुकलो की डोळे मिटून मेल्यासारखा बसायचा.

"काय झालं बे?"

"मशीन बंद पडली, भाऊ. पुन्हा पयल्यापासून."

त्याच्या पहिल्या कागदावर शेतकऱ्याचं नाव, दुसऱ्यावर गाव, तिसऱ्यावर धानाची जात. वजन थेट सातव्यावर. मी बोट मागं घेतलं.

"काहून थांबले, भाऊ?"

"गाडी काट्यावर आली का पयले वजन. तुहं टायपिंग होतवरी बैल उभे राहतीन का?"

"सारेच कागद बदलवा लागतीन!"

"बदलव. काम्पुटर तुहा, काटा माहा हाय."

तणतणत गेला, तो चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी वीसच्या वीस कागद नवे! पहिल्यावर वजन, आणि कोपऱ्यात शिंगं रंगवलेली बैलजोडी.

मशीन आली तेव्हा मालक माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले. धानाची गाडी काट्यावर चढली. पडदा ओळखीचाच निघाला. पावती झाली, गाडी उतरली. मालक साडूला म्हणाले, "बरं शिकवलं याले."

"मी नाही, मालक. वजन पयले घ्या लागते, हे भाऊनंच मले शिकवलं."

खुर्ची शेवटपर्यंत माझीच राहिली. त्या दिवशी मात्र मी मान ताठ करून एवढंच म्हणालो, "मंग! सांगतलं नव्हतं?" आता साडू नाही. चार बुकं शिकलेला माणूस माझ्यासारख्याचं ऐकून वीस कागद फाडतो, हे केवढं मोठं होतं, ते त्याच्या तोंडावर सांगायला मला काय धाड भरली होती, कोण जाणे.