आलो गं ताई

दुसरा भाग काढणाऱ्यांना एकदा रांगेत उभं करून विचारायला पाहिजे, की बाबांनो, पहिला भाग तुम्ही पाहिला होता का? निदान येता-जाता तरी? हा प्रश्न ओठवाल्याने त्या दिवशी सकाळी अकरा वाजता डबिंग स्टुडिओच्या गाद्या ठोकलेल्या भिंतींना विचारला. त्या भिंती आवाज गिळायलाच बांधलेल्या. त्यांनी हाही गिळला.

ओठवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण स्टुडिओत त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. परदेशी सिनेमा आपल्या भाषेत आणायचा, तर पडद्यावरच्या माणसाचे ओठ जेवढे हलतात तेवढंच आणि तसंच वाक्य लिहावं लागतं. त्याने तोंड मिटलं की आपलंही अक्षर मिटलं पाहिजे. सव्वीस वर्षं तो हेच करत होता. इतकं, की समोर कुणीही बोलायला लागलं की हा त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे टक लावून बसायचा. बँकेतल्या एका बाईने त्यावरून त्याला चांगलं झापलंही होतं.

या धंद्यात एक चोरवाट असते. पडद्यावरचा माणूस पाठमोरा झाला, की त्याचे ओठ दिसत नाहीत. मग तिथे काहीही घाला! मागे न मावलेलं अर्धं वाक्य तिथे कोंबायचं आणि मोकळं व्हायचं. या जागेला ते लोक नुसतं ‘पाठ’ म्हणतात. आणि अशाच एका पाठीवर चार वर्षांपूर्वी ओठवाल्याच्या हातून आयुष्यातली सगळ्यात गाजलेली चूक झाली होती.

तो सिनेमा काचवाल्याचा. काचवाला म्हणजे उंच इमारतींच्या काचा पुसणारा एक साधा माणूस. तो आणि त्याची थोरली बहीण एकाच दोराला लटकून काम करायचे. एक दिवस दोर तुटतो. बहीण खाली जाते, हा हात पुढे करतो, पण हात पोचत नाही. उडण्याची शक्ती त्याच्यात येते, पण येते ती दोन सेकंद उशिरा. त्यानंतर सिनेमाभर कुणीही कुठूनही पडलं, की काचवाला कठड्यावर उभा राहतो, पाठमोरा, बरोब्बर दोन सेकंद थांबतो आणि मग झेप घेतो. मूळ सिनेमात त्या दोन सेकंदांत नुसता श्वास ऐकू येतो.

आता कलाकार येण्याआधी ओठवाला सगळी वाक्यं स्वतः माइकवर बोलून ठेवायचा, वेळ बसते का ते बघायला. हा कच्चा आवाज. कलाकार पक्का आवाज देऊन गेला, की कच्चा पुसायचा. तर तो कच्चं बोलत होता, समोर काचवाला कठड्यावर पाठ करून उभा राहिला, आणि याच्या तोंडून निघून गेलं, “आलो गं ताई!” कागदावर ते नव्हतंच. याच्याही मनात नव्हतं. लहानपणी तो तासन्‌तास आवाराच्या भिंतीवर चढून बसायचा. ताई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडायची, आणि हा हेच बोंबलत खाली उडी टाकायचा. चार झेपा होत्या, चारही वेळा तो तेच बोलला. कागदावर नसल्यामुळे कलाकाराने ते म्हटलं नाही, आणि रेकॉर्डिस्ट पुसायला विसरला. त्याला स्टुडिओत ‘कान’ म्हणत, आणि नेमका तोच बहिरा झाला! सिनेमा तसाच्या तसा थेटरात लागला, ओठवाल्याच्या बसक्या आवाजासकट.

आणि लोकांनी काय करावं? डोक्यावर घेतला! तिसऱ्या झेपेपासून थेटरातली पोरं आधीच ओरडायला लागायची. टी-शर्टवर छापून विकलं ते, “आलो गं ताई”. शाळेच्या पायऱ्यांवरून उड्या मारताना मुलं तेच म्हणायची. हा आवाज कुणाचा, ते फक्त तिघांना माहीत होतं. ओठवाला, कान आणि ताई.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, तेही टपल्या मारत. शिवणकाम करून त्याची फी भरली आणि त्यापायीच डोळे घालवले, असं तो म्हणे. “डोळे म्हातारपणाने गेले, उगाच उपकार चिकटवू नकोस,” असं ती म्हणे. गेली सहा वर्षं तिला उजेड आणि अंधार यापलीकडे दिसत नव्हतं. पण सिनेमा मात्र तिने सोडला नाही. थेटरातच जायचं, मधल्या रांगेत बसायचं, आणि कानांनी बघायचं. त्यामुळे ओठवाला लिहील तोच तिचा सिनेमा. पहिल्या झेपेला तिने अंधारात त्याच्या मांडीला असा चिमटा काढला होता की दोन दिवस वळ राहिला. “हा तूच आहेस मेल्या,” ती म्हणाली.

तेव्हापासून ती दुसऱ्या भागाची वाट बघत होती. चार वर्षं! भाजी निवडताना, कपडे घडी करताना तिची टकळी चालू. “हे बघ, त्याला विमान देऊ देत, बंगला देऊ देत, मला काही नाही त्याचं. पण माणूस तोच पाहिजे. मागच्या वेळी जिथे दुखलं, तिथे अजून दुखायला हवं. नाहीतर मग तो दुसराच कुणीतरी, कपडे तेवढे याचे घातलेले. आणि ती ओळ पाहिजे. ती नसेल तर मला नेऊच नकोस.”

“असेल गं,” ओठवाला म्हणाला होता. “माझ्या हातात आहे ते.”

काय दुर्बुद्धी सुचली आणि असं बोलून बसलो, असं त्याला आता वाटत होतं. कारण समोर दुसरा भाग संपला होता, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“बहिणीचं नाव आलं का रे एकदा तरी?” त्याने काचेपलीकडच्या कानाला विचारलं.

“नाही आलं. पण खलनायक तीन आहेत,” कान म्हणाला. “आणि तो यंत्राचा कुत्रा.”

“कुत्रा गेला खड्ड्यात! अडीच तास हा माणूस विनोद करतोय. इमारत कोसळतेय, विनोद. माणसं मरतायत, विनोद. त्याचा तो बोलका पोशाखही विनोद करतो. अरे, बहीण गेलीय ना तुझी? काय डोंबल हसतोस?”

लोकांना काय पाहिजे, हे ओळखायला त्या शहाण्यांनी म्हणे मोठमोठ्या पाहण्या केल्या होत्या. लोकांना जास्त पाहिजे, असं त्यातून निघालं, म्हणून यांनी सगळंच जास्त केलं. ताईला विचारलं असतं तर तिने भाजी निवडता निवडता फुकटात सांगितलं असतं.

एकच गोष्ट शिल्लक होती. अगदी शेवटी एक लहान मुलगी पुलावरून पडते, आणि काचवाला कठड्यावर येतो. पाठमोरा. दोन सेकंद थांबतो. हे तरी कुणाच्या लक्षात राहिलं कोण जाणे! ओठवाला ताडकन उठून माइकपाशी गेला आणि बोलला, “आलो गं ताई.” यंदा वाक्य कागदावरही लिहिलं, ठसठशीत.

चौथ्या दिवशी सिनेमा कंपनीकडून डबिंग तपासणाऱ्या बाई आल्या. वयाने तिशीच्या, बोलायला गोड, हातात यादी. सगळे विनोद त्यांनी पास केले. ओठवाल्याने ते निम्मे पुसट करून ठेवले होते, त्यालाही त्या काही बोलल्या नाहीत. शेवटच्या झेपेला मात्र त्यांनी हात वर केला.

“ही ओळ काढायची.”

“का?”

“मूळ आवाजात तिथे काही नाही, सर. नसेल तिथे आपण घालायचं नाही, असं वरून लेखी आलंय.”

“मूळ सिनेमात अक्कलही नाही. मग काय करायचं?”

बाई हसल्या नाहीत. ओठवाला मग सुटलाच. चार वर्षं लोक कशासाठी थांबलेत ठाऊक आहे का, या कुत्र्यासाठी? त्या दोन सेकंदांसाठी! तेवढे काढलेत तर राहिलं काय, फटाके? तो बोलत राहिला आणि बाई ऐकत राहिल्या. त्याचा दम संपल्यावर त्यांनी कानाकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

“सर, पहिल्या भागाला माझ्या जागी जे होते, त्यांना याच ओळीवरून काढलं. कागदावर नसलेला आवाज तसाच पुढे गेला, तो त्यांच्या कसा लक्षात आला नाही म्हणून. ओळ गाजली, ते घरी बसले. मी स्वतः तो टी-शर्ट घेतलाय. पण मला ही नोकरी पाहिजे.”

हे ओठवाल्याला माहीतच नव्हतं. त्याने कानाकडे पाहिलं, कान बटणांकडे बघत होता. आपल्या चुकीवर आपण चार वर्षं मनातल्या मनात मिरवलो आणि तिकडे कुणाची तरी भाकरी गेली, हे ऐकून त्याचा सगळा आवेशच उतरला.

बाई जेवायला गेल्यावर कान हळूच म्हणाला, “मी पुन्हा विसरू का?”

ओठवाल्याने तोंड उघडलं. त्याला ताई दिसली, मधल्या रांगेत, मान किंचित तिरकी करून ऐकणारी. मग बाईंच्या हातातली ती यादी दिसली.

“नको. पूस,” तो म्हणाला. “माझ्यासमोर पूस.”

कानाने पुसलं. ओठवाल्याला इतका संताप आला होता आणि तो ज्याच्यावर काढावा असा एकही माणूस समोर नव्हता. बाई चांगली, कान चांगला, आणि पुसायला सांगणारा तो स्वतः! वरून लेखी पाठवणारे कुठे बसतात ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी त्याने सांगायचं टाळलं. तीन आठवडे टाळलं. सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी ताईने ठेवणीतली साडी काढली, तेव्हा तो म्हणाला, “ताई, नको जाऊया. भिकार आहे. डोकं दुखेल तुझं.”

“माझं डोकं, माझं मी बघेन. ओळ आहे ना?”

“सगळा आवाज, धडामधूम. तुला काही कळायचं नाही.”

“ओळ आहे ना रे?”

तो पाणी प्यायला आत निघून गेला. ताईने पुन्हा विचारलं नाही, त्यामुळे त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला खेळ दुपारी बाराचा. थेटर खच्चून भरलेलं, अर्ध्याअधिक पोरांच्या अंगात ते टी-शर्ट. पहिल्या अर्ध्या तासात शिट्ट्या झाल्या. मग कमी झाल्या. दुसरा खलनायक येईपर्यंत लोक खुर्चीत चुळबुळायला लागले, तिसरा आला तेव्हा मागचा एकजण फोनवर दुकानाचं काहीतरी बोलत होता. पोशाखाने विनोद केला. कुणी हसलं नाही. “अरे, बहिणीचं काय झालं?” पुढून एक मुलगी वैतागून ओरडली, आणि तिला मात्र टाळ्या मिळाल्या.

ताई ऐकत होती. मान किंचित तिरकी, हात मांडीवर. ओठवाला पडद्याकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. ती ओठ आवळून बसली होती. ते ओठ त्याला कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त वाचता यायचे, आणि आत्ता त्यांवर लिहिलेलं होतं, की पोरा, फसवलंस.

मुलगी पुलावरून पडली. किंकाळी झाली. संगीत थांबलं.

“आता कठड्यावर आलाय?” ताईने कुजबुजत विचारलं.

“हो.”

“पाठमोरा?”

“हो.” त्याला वाटलं, सांगून टाकावं, आत्ताच, या दोन सेकंदांच्या आत सांगून टाकावं, की ताई, नाहीये गं, मीच पुसायला लावली. पण दोन सेकंदांत कुठलं वाक्य बसतं आणि कुठलं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? हे बसत नव्हतं.

पडद्यावर काचवाल्याने श्वास घेतला. नुसता श्वास.

आणि थेटर बोललं. आधी बहुतेक ती पुढची मुलगी. पण ‘आलो’ पुरतं व्हायच्या आत डावीकडून, उजवीकडून, वरच्या सज्जातून, फोनवर बोलणाऱ्या त्या मागच्या माणसाच्याही तोंडून, सगळ्यांनी मिळून, बरोब्बर दोन सेकंदांत बसवून म्हटलं, “आलो गं ताई!”

काचवाल्याने झेप घेतली. ओठवाल्याच्या मांडीला कचकचून चिमटा बसला. त्याचे डोळे भरून आले, आणि ते चिमट्याने असं म्हणायची त्याने सोय बघून ठेवली.

“ठेवलीस की रे!” ताई म्हणाली. ती हसत होती. मग तिने मान आणखी जरा तिरकी केली. “पण एवढी माणसं कशाला बोलावलीस बोलायला?”

“एकट्याला परवानगी नव्हती गं,” तो म्हणाला.